वाटीत टाकलेले चांगले दाणे

मी गोणी बोलतेय. पोतं म्हणा, गोणपाट म्हणा, तोंडाला येईल ते म्हणा. ओझं वाहणाऱ्याला नावं ठेवायला कुणाचं काय जातं? एक गोष्ट फार दिवस माझ्या पोटात आहे. मला रिकामी करून झालं, झटकून झालं, उन्हात टाकून झालं, पण ती काही बाहेर पडत नाही. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावी.

माझा जन्म तागाचा. तागाच्या काड्या कापतात, त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि साचलेल्या पाण्यात वर दगड ठेवून बुडवून ठेवतात. वीस-वीस दिवस. कुजल्याशिवाय आमचा धागा सुटतच नाही. त्यामुळे कुजण्याचा वास मला कुणी शिकवायला नको. तो माझा माहेरचा वास. पुढे मला कातलं, विणलं, शिवलं, आणि शंभर बहिणींबरोबर घडी घालून मी एका कॉफीच्या मळ्यावर येऊन पडले.

मळा उतारावर होता. कॉफीची झाडं बुटकी, त्यांच्या डोक्यावर सावली धरायला उंच झाडं. तोडणाऱ्या बायका कमरेला टोपली बांधून सकाळीच चढायच्या. लाल फळ तेवढं तोडायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. एका फांदीला दहा फळं असली तरी ती लग्नाच्या पाहुण्यांसारखी. एका वेळी येतील तर शपथ! म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जायचं. पाय दुखले तर दुखले.

तोडलेलं फळ त्याच दिवशी यंत्रात जायचं. यंत्र वरचा गर सोलायचं आणि बिया हौदात पडायच्या. बीवर शेंबडासारखा चिकट थर असतो, तो हौदात आंबवून सोडवावा लागतो. किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही, हात सांगतो. हौदवाला कोपरापर्यंत हात घालून मूठभर बिया काढायचा आणि चोळायचा. वाळूसारखी करकर ऐकू आली की झालं. मग धुवायचं आणि हौद रिकामा करायचा. आणि रिकामा केल्यावर त्याचा कोपरान्‌कोपरा धुवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण मागे अडकून राहिलेली बी पुढच्या घाण्याबरोबर पुन्हा आंबते. वाळल्यावर ती दिसायला चारचौघींसारखी दिसते, पण आतून मेलेली असते. डोळ्यांना कळत नाही. भाजली, पाण्यात पडली, की कळतं. आणि तशी एक बी अख्ख्या किटलीला पुरते.

धुतलेल्या बिया खळ्यावर पसरायच्या. दोन माणसं दिवसभर दंताळं ओढत त्या वरखाली करायची. सुकल्या की टरफल काढायचं आणि माल निवडणीच्या शेडमध्ये यायचा. तिथे माझी खरी गोष्ट सुरू होते.

शेडमध्ये एक लांबच लांब टेबल होतं. दोन्ही अंगांना मिळून सोळा बायका. दोघी-दोघींची जोडी, जोडीला एक गोणी. काळा, फुटका, किडका दाणा उचलून आपल्या वाटीत टाकायचा आणि उरलेला चांगला माल ओंजळीने गोणीत सोडायचा. गोणी भरली की दाभणाने तोंड शिवायचं, प्रत्येक जोडीची सुतळी वेगळ्या रंगाची. माल वाईट निघाला तर कुणाच्या हातचा ते लगेच कळावं म्हणून. माझ्या जोडीची सुतळी निळी होती. जोडी होती सासू-सुनेची.

सासूला सगळा मळा चिमटीकाकू म्हणायचा. तिची चिमूट अशी, की ढिगातून नेमका एक दाणा उचलावा आणि शेजारच्याला पत्ता लागू नये. चाळीस वर्षं तिने त्या टेबलावर काढली होती. सुनेला सगळ्या धाकटी म्हणायच्या. ही हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ. आणि चिमटीकाकूचा मुलगा, म्हणजे धाकटीचा नवरा, तोच हौदवाला.

काकूच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून पडदा आला होता. हे तिला ठाऊक होतं, धाकटीला ठाऊक होतं, आणि तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नव्हतं. कारण मुकादमाचा नियम सरळ होता: डोळे गेले की टेबल गेलं. काकूला टेबलाशिवाय दुसरं जग नव्हतं. "घरी बसले तर भिंती मोजून मरेन," म्हणायची.

एके दिवशी हौदाच्या तळाचा थोडका माल निघाला, तो आमच्या वाट्याला आला. पहिली ओंजळ माझ्यात पडली आणि मी दचकले. माहेरचा वास! अगदी बारीक, मेलेल्या पाण्याचा.

काकूचा हातही थांबला. तिने नाक पुसल्यासारखं केलं आणि चिमटीतला दाणा नाकाशी नेला. मग तो वाटीत टाकला. टिक्.

तेवढ्यात तिचा मुलगा घोटभर कॉफी प्यायला शेडमध्ये आला. शेडच्या कोपऱ्यात एक चूल होती, तिथे निवडून टाकलेल्या फुटक्या दाण्यांची कॉफी उकळायची. चांगला दाणा जगाला, फुटका निवडणाऱ्याला, अशीच रीत.

"काय रे," काकू सहज बोलल्यासारखी म्हणाली, "हौदाचा खालचा कोपरा धुतोस ना?"

"धुतो की आई."

"जाळीपाशी हात घालून?"

"हौदवाला मी की तू?"

बायका फिदीफिदी हसल्या. काकूही हसली आणि गप्प झाली. टेबलावर सोळा जणी, म्हणजे बत्तीस कान, आणि त्यातला एखादा तरी थेट मुकादमाच्या खोलीत उघडायचा. हौद नीट धुतला नाही हे कळलं असतं तर पोराला त्याच दिवशी घरी बसवला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

म्हणून ती कामाला लागली. दाणा उचलायचा, मुठीत ऊब द्यायची, नाकावरून हात फिरवायचा. चांगला तर गोणीत, मेलेला तर वाटीत. टिक्... टिक्... त्या दिवशी तिने एकही मेलेला दाणा माझ्यात येऊ दिला नाही. सुरुवातीची ओंजळ माझ्यात पडली होती, तीसुद्धा हात घालून परत काढली आणि निवडली; धाकटीने निवडलेला मालही आधी आपल्या हाताखालून घातला. मी साक्षीला होते.

धाकटीची नजर सासूच्या वाटीवर गेली. वाटीत सगळे टपोरे, सरळ, निळसर हिरवे दाणे. एकावर डाग नाही. तिला वाटलं, झालं! म्हातारीला आता चांगलं-वाईट काहीच दिसेना. मुकादम संध्याकाळी वाट्या तपासायचा. ही वाटी त्याने पाहिली की काकूचं टेबल गेलंच.

काकू पाणी प्यायला उठली. धाकटीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि वाटी माझ्या तोंडात उपडी केली.

मी ओरडले असते. पण गोणीचं तोंड घ्यायला असतं, द्यायला नसतं.

काकू परत येऊन बसली. वाटीत बोटं घातली. "वाटी कुणी हलवली गं?"

"मुकादम ओतून घेऊन गेला, आत्या."

"काही म्हणाला?"

"काही नाही."

"बरं झालं," काकूने सुस्कारा सोडला. "ते दाणे गेलेलेच बरे."

धाकटीने कपाळावर आठी घातली. बिचारीला वाटलं, वय बोलतंय. त्या दिवसात तिने तीनदा वाटी उपडी केली. मायेपोटी केली, हे मी शपथेवर सांगते. संध्याकाळी माझं तोंड निळ्या सुतळीने शिवलं आणि मी तो वास पोटात घेऊन गाडीत चढले.

शहरातल्या गोदामात प्रत्येक गोणीत पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढतात. मला जिन्याशी टेकवलं होतं, वरच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे एक बाई नमुने भाजायची, दळायची आणि ओळीने पेले मांडायची. मग चव घेणारा यायचा. सुकलेला, उंच माणूस. चमचा तोंडाशी नेऊन असा फुर्रकन ओढायचा की दुसऱ्या मजल्यावर ऐकू जावं, आणि पिंकदाणीत थुंकायचा. "तीस वर्षं कॉफी पितोय," म्हणायचा, "पण एक घोट गिळलेला नाही." ती बाई दर वेळी हसायची. सवयीने.

माझ्या पेल्यापाशी तो आला. ओढला. थांबला. थुंकला, पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली.

"यात काहीतरी मेलंय," तो हळूच म्हणाला.

मी परत आले. मुकादमाने मला टेबलाच्या मधोमध आपटलं. "ही निळी सुतळी कुणाची?"

धाकटीच्या मनात आलं, मी तर चांगलेच दाणे घातले; म्हणजे आत्यांच्या नजरेतून वाईट सुटले असणार. तिने मान खाली घातली.

काकूने हात पुढे केला आणि माझ्यात घातला. बोटांनी एक दाणा चोळला, वास घेतला. तिला सगळं कळलं. वाटी कुणी ओतली तेही कळलं. तिने पडदा आलेले डोळे सुनेकडे वळवले, आणि मग मुकादमाकडे.

"माझे डोळे गेले, बाबा," ती म्हणाली. "वय झालं."

एवढंच. चाळीस वर्षांची चिमूट तिने एका वाक्यात मातीत घातली. मुलाचं नाव नाही, सुनेचं नाव नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडच्या दारात एका उपड्या खोक्यावर येऊन बसायची. मुकादमानेही हाकललं नाही. मांडीवर हात, आणि हाताची चिमूट चालूच. नसलेला दाणा उचलायचा, नाकाशी न्यायचा, टाकायचा. मी समोरच्या कोपऱ्यात पडलेली. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींसमोर. तीन आठवड्यांनी एक दिवस सुट्टीची घंटा झाली, सगळ्या उठल्या, ती उठली नाही. अंगठा आणि बोट एकमेकांना घट्ट चिकटलेले होते. मधे काहीच नव्हतं.

त्यानंतर शेडमध्ये तो आवाज सुरू झाला.

काकूची वाटी फळीवर पालथी ठेवली होती. पालथ्या वाटीत काय पडणार? पण भर दुपारी, सगळ्यांचे हात चालू असताना, तिकडून यायचं: टिक्. मग थोडं थांबून, टिक्. उंदीर असेल, म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं. पण उंदीर मधे थांबून वास घेत नाही.

धाकटीचे हात तेवढ्यापुरते थबकायचे. बाकीच्या म्हणायच्या, "वारा आहे." पण माझ्याजवळून जाताना लांबून वळसा घालायच्या. "त्या गोणीत म्हातारीचा जीव अडकलाय," असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. शेवटी मुकादम धाकटीला म्हणाला, "तुझ्या सासूची घाण तूच निवड. मला ही गोणी महिन्याच्या आत साफ पाहिजे."

तिने मला टेबलावर घेतलं, ओतलं, निवडलं. पुन्हा निवडलं. एक काळा नाही, एक किडका नाही. मग वाईट होतं तरी काय? दुपारी बायका झाडाखाली जेवायला गेल्या, तेव्हा तिने माझ्यातले मूठभर दाणे तव्यावर टाकले आणि चुलीवर भाजायला ठेवले.

वास सुटला. माहेरचा वास, पण शंभरपट. शेड भरली. बाहेर हौदावर तिचा नवरा होता, तो धावत आला.

"काय मेलंय इथे?"

धाकटीने कच्च्या दाण्यांची मूठ त्याच्यापुढे धरली. "यातला एक तरी वाईट दिसतोय का, सांगा."

त्याने निरखून पाहिलं. मग एक दाणा दाताखाली फोडला आणि थुंकला. चेहरा पांढरा पडला. आईच्याच खोक्यावर तो खाली बसला.

"जाळीपाशी हात घातला नव्हता मी," तो म्हणाला. "तोड फार आली होती. लागोपाठ दोन घाणे काढले... वरवर पाणी मारलं."

"आत्यांनी विचारलं होतं."

"हो."

"त्या हेच उचलून वाटीत टाकत होत्या. आणि मला वाटलं, त्यांना दिसत नाही. मी वाटी परत गोणीत ओतली. तीनदा."

तव्यावरचे दाणे करपत होते.

"आई बोलली का नाही मग?"

"काय बोलणार? तुमचं नाव घेणार की माझं?"

तो उठला. "मुकादमाला सांगून येतो."

ती आडवी आली. "सांगा. उद्यापासून हौदावर दुसरा उभा राहील, टेबलावर दुसरी बसेल. पुढे?"

"आणि आईचं काय?"

"त्यांचं आता कुणी काही वाकडं करू शकत नाही," ती म्हणाली. तिने करपलेला तवा चुलीवरून उतरवला.

आणि वाकडं करता येत नाही कसं? मेलेल्याचंही करता येतं. रोज, थोडं थोडं, हसत हसत. तोवर शेडमध्ये एक म्हण रूढ झाली होती. कुणाच्या हातून काळा दाणा सुटला की दुसरी म्हणायची, "काय गं, चिमटीकाकूची नजर लागली वाटतं!" चाळीस वर्षं जिच्याकडून सगळ्या निवडणं शिकल्या, तिचं नाव आंधळेपणाला पडलं. धाकटी ऐकायची आणि ओठ दातांत धरायची. आणि तिकडून, टिक्.

मग तिने मला खरं निवडायला घेतलं. डोळे मिटून. दाणा मुठीत धरायचा, ऊब द्यायची, नाकाशी न्यायचा. पहिल्या दिवशी काहीच जमेना, रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी एका दाण्यापाशी तिची मूठ उघडेचना. घट्ट धरून ठेवल्यासारखी. तिने हुंगलं. मेलेला. त्या घटकेला माझ्या काठावर दोन हात नव्हते, चार होते. दोन ऊन, दोन गार. तुम्ही मानू नका. मला काठ आहे, मला कळतं.

बायका कुजबुजल्या, "अंगात आली हिच्या म्हातारी. बघा, तशीच मान, तशीच चिमूट!" मुकादम दारातच उभा राहून काय ते विचारायचा, आत यायचा नाही. अकरा दिवस ती निवडत होती. अकराव्या दिवशी मी हलकी झाले. वजनाने मूठ-दोन मुठींनी, पण मला वाटलं, पोटातला दगड गेला.

गाडी दारात उभी होती. धाकटी माझं तोंड शिवत होती, निळ्या सुतळीने, कारण तिने दुसरी घेतली नव्हती. टेबलावर एका नव्या बाईच्या ओंजळीतून काळा दाणा गोणीत गेला आणि कुणीतरी म्हणालं, "चिमटीकाकूची नजर!" सगळा घोळका हसला. ती नवी बाईही हसली. तिने काकूला पाहिलंसुद्धा नव्हतं.

धाकटीने शेवटची गाठ मारली. दाभण टेबलात रोवलं आणि उभी राहिली.

"ऐका गं सगळ्या."

हसू थांबलं. दारात तिचा नवरा उभा होता, हात कोपरापर्यंत ओले. तो तिला अडवू शकला असता. अडवलं नाही, एवढं मी पाहिलं. हमालाने मला पाठीवर घेतलं.

"आत्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, हे खरं," ती म्हणाली. "पण..."

हमाल दाराबाहेर पडला. गाडी सुरू झाली. त्या "पण"च्या पुढचं मला ऐकू आलं नाही.

पुढचं काय सांगू? पुन्हा तीच नळी, तोच चव घेणारा. त्याने ओढलं, थांबला. ती बाई म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. स्वच्छ आहे. फार स्वच्छ." मग जहाजाच्या पोटात महिनाभर अंधार. मग दूरच्या शहरातला एक भाजणारा, भुवया जळालेला. दाणे तडतडू लागले की तो कान लावून ऐकायचा, कारण तिथेही घड्याळापेक्षा कानच खरा. मग दळण, मग उकळतं पाणी, मग कप. कामावर निघालेली एक बाई उभ्याउभ्या प्यायली. "आज छान झालीय हं," म्हणाली आणि दार ढकलून गेली. एवढ्या सगळ्यांनी जे हातांनी, कानांनी, नाकाने केलं, ते चार घोटांत संपलं. तिचं काही चुकलं नाही. कॉफी पिण्यासाठीच असते.

मला त्यांनी उसवलं आणि दुकानाच्या भिंतीवर चार खिळे मारून टांगलं. शोभेला! लोक बोटाने चाचपून विचारतात, "खरी आहे का हो?" कुणी नाक लावतं आणि म्हणतं, "किती छान वास!" मी मनात म्हणते, बाई गं, तुला काय ठाऊक!

या दुकानात पालथी वाटी नाही, टेबल नाही. तरी दुपारी गर्दी ओसरली की मला ऐकू येतं. टिक्. थांबून, टिक्. ती अजून निवडतेय. आधी मला भीती वाटायची. आता वाटतं, तिचं एवढंच म्हणणं असेल: माझ्या नावावरचा डाग तेवढा पुसून द्या.

तेव्हा तुम्ही, हातात कप घेऊन माझ्याखाली बसलेले, तुम्हीच ऐका. चिमटीकाकूच्या डोळ्यांना पडदा होता, पण तिने एकही मेलेला दाणा सोडला नव्हता. हौद तिच्या मुलाने धुतला नाही, वाटी तिच्या सुनेने ओतली, आणि दोघांची नावं तिने गिळली. त्या दिवशी शेडमध्ये सुनेने हे सांगितलं असेल, तर बरंच झालं.

नसेल सांगितलं, तर मी सांगितलं.